सायलोतला घुमारा

कंट्री संगीत म्हणजे काऊबॉय हॅट, पिकअप ट्रक आणि सोडून गेलेली बायको, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. २०२०च्या टाळेबंदीत लॅपटॉपसकट पुण्याहून लाखनीजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा ती मोडली. रात्री नेटवर्क जरा बरं मिळायचं. बिल्ड संपेपर्यंत मी गाणी ऐकत बसायचो.

त्यात आधी सापडला काऊबॉय जंकीजचा 'द ट्रिनिटी सेशन'. (यांना अपरिचित म्हटलं तर जाणकार चिडतील, पण माझ्यासाठी दार यांनीच उघडलं.) २७ नोव्हेंबर १९८७ला टोरोंटोच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये एका मायक्रोफोनभोवती जमून त्यांनी जवळजवळ सगळा अल्बम एका दिवसात उरकला. चर्चवाल्यांनी नाही म्हणू नये म्हणून 'टिमिन्स फॅमिली सिंगर्स' असं सोज्वळ नाव सांगितलं होतं. तिथून सास्काटूनचे द डीप डार्क वूड्स, विनिपेगचे द वीकरदॅन्स असे एकेक भेटत गेले. वीकरदॅन्सला चर्चबिर्च लागत नाही, जॉन के. सॅमसन नुसत्या शब्दांनी विनिपेग उभं करतो.

पण मी अडकलो तो ग्रेट लेक स्विमर्समध्ये. टोनी डेकरच्या या बँडचा पहिला अल्बम २००३चा. तो दक्षिण ओंटारिओतल्या एका पडीक सायलोत, म्हणजे धान्याच्या उंच गोल कोठारात, मुद्रित केलेला आहे. मागे रातकिडे ऐकू येतात. नावात सरोवरं आणि मुद्रण धान्याच्या कोठारात! तलावांच्या आणि धानाच्या जिल्ह्यातल्या माणसाला आणखी काय हवं? हे साम्य मला इतकं आवडलं, की शेवटी त्याचाच संशय आला. मी गाणी ऐकतोय की स्वतःचं गाव?

म्हणून इंजिनियरासारखं तपासलं. गावातल्या बंद राईस मिलच्या रिकाम्या गोदामात जाऊन टाळी वाजवली आणि तिचा घुमारा फोनवर टिपला. अशी एक टाळी मिळाली, की कन्व्होल्यूशन नावाचं गणित वापरून कोणताही कोरडा आवाज त्या गोदामात गायल्यासारखा करता येतो. मी गादीवर बसून स्वतःची गिटार मुद्रित केली आणि तिच्यावर ते गोदाम चढवलं. हुबेहूब झालं, आणि तरीही बेकार.

चूक गणिताची नव्हती. डेकर गाताना सायलो ऐकत असतो. ओळ संपवली की तिचा घुमारा विरेपर्यंत थांबतो, मग पुढची घेतो. चाल संथ आहे ती दुःखामुळे कमी आणि भिंतींमुळे जास्त, असं माझं मत आहे. माझ्या गिटारला गोदाम नंतर मिळालं, वाजवताना तिला त्याचा पत्ताच नव्हता. २००७चा 'ओंगियारा' गाणी म्हणून जास्त घडीव आहे, तोही एका जुन्या सभागृहात केलेला. पण तिथे सभागृह गाण्याची शोभा वाढवतं, पहिल्या अल्बममध्ये जागा गाणाऱ्याला अडवते. २००९च्या 'लॉस्ट चॅनल्स'साठी त्यांनी किल्लाही गाठला. तेव्हा मात्र जागा हुडकणं ही सवय झाली की काय, असं वाटलं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्री खडी गंमत रंगते. उघड्या मैदानात घुमारा कुठला? तिथे शाहिराची ओळ झिलकरी उचलतात आणि तेवढ्यात तो पुढची टोळी जुळवतो. म्हणजे प्रतिध्वनी माणसंच देतात, आणि शाहीर तो ऐकून गातो. यूट्यूबवर त्याच गंमतीच्या कित्येक व्हिडिओंत मात्र मिक्सरचा इको गच्च भरलेला असतो. नाच्याचा टोमणा दोनदा ऐकू येतो आणि एकदाही कळत नाही. 'भव्य वाटावं' म्हणून केलेला हा प्रकार मला माझ्या गिटारच्या प्रयोगाइतकाच लाजिरवाणा वाटतो.

गेल्या मंडईत मी फोन शर्टाच्या खिशात चालू ठेवून झिलकऱ्यांच्या मागे उभा राहिलो. मुद्रणात अर्धा वेळ जनरेटरच आहे. पण चौथ्या मिनिटाला शाहीर शब्द विसरतो, झिलकरी तीच ओळ आणखी दोनदा ओढतात, चोनकेवाला हसतो, आणि मग तो पुढे जातो.