कारणाविना कथन : १८४१ मधील एका वैद्यकीय पत्राची संहिता

१३ फेब्रुवारी १८४१ च्या 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात विल्यम जेम्स वेस्ट यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. वेस्ट केंट परगण्यातील टनब्रिज या गावी वैद्यक व्यवसाय करीत असत. पत्र २६ जानेवारीला लिहिलेले आहे. त्याचा विषय अर्भकांना येणाऱ्या झटक्यांचा एक अतिशय विरळा प्रकार हा आहे. लेखकाने या प्रकारचा एकच रुग्ण पाहिलेला आहे. आणि तो रुग्ण म्हणजे त्याचा स्वतःचा, वर्षाचा होऊ घातलेला मुलगा जेम्स एडविन. या व्याधीविषयी कोणाला काही माहिती असल्यास ती खाजगीरीत्या अथवा साप्ताहिकातून कळवावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिले गेले आहे.

वैद्यकाच्या इतिहासात या पत्राचे स्थान निश्चित झालेले आहे. ज्या विकाराला पुढे, १९६० च्या सुमारास, वेस्ट यांचेच नाव देण्यात आले त्याचे हे पहिले तपशीलवार वर्णन होय. प्रस्तुत लेखाचा हेतू या पत्राचे वैद्यकीय मूल्य सांगण्याचा नाही. ते एक कथनात्मक संहिता म्हणून वाचले असता कथन आणि कारण यांच्या संबंधाविषयी काय हाती लागते, एवढाच येथे प्रश्न आहे.

अशा संहितेचे दोन प्रकारचे वाचन सहज संभवते. पहिले वाचन भावनिष्ठ आहे. हतबल पित्याचा आक्रोश वैद्याच्या संयत भाषेआडून कसा ऐकू येतो, हे ते दाखवील. दुसरे वाचन मिशेल फूको यांच्या 'द बर्थ ऑफ द क्लिनिक' (१९६३) या ग्रंथाच्या आधाराने केले जाईल. वैद्यकीय दृष्टी शरीराला वाचनीय वस्तू कशी बनवते आणि 'माझे मूल' पुढच्याच वाक्यात 'ते मूल' कसे होते, हे ते दाखवील. दोन्ही वाचनांना संहितेत आधार आहे. तथापि दोन्ही वाचने एक गोष्ट गृहीत धरतात : निवेदकाला काय सांगायचे आहे हे त्याला ठाऊक आहे. वस्तुतः या निवेदकाची अडचण नेमकी उलट आहे. त्याला घटना ठाऊक आहेत, पण त्या एकमेकींशी कशाने बांधलेल्या आहेत हे ठाऊक नाही.

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये कथा आणि कथानक यांत केलेला भेद मराठी अभ्यासकाला परिचित आहे. कालक्रमाने घटना आल्या की कथा होते. त्यांत कार्यकारणभाव आला की कथानक होते. हा भेद मांडताना फॉर्स्टर यांच्यासमोर कादंबरीकार होता आणि कादंबरीकाराला कारण उपलब्ध असते, कारण ते त्यानेच निर्माण केलेले असते. वेस्ट यांच्याजवळ केवळ कथा आहे. बालक जन्मतः सुदृढ होते. चार महिन्यांचे होईपर्यंत त्याची वाढ उत्तम झाली. मग डोके पुढे झुकण्याचे हलके झोके दिसू लागले. हळूहळू त्यांची संख्या आणि जोर वाढला. आता मान गुडघ्यांकडे झुकते, लगेच पूर्ववत होते आणि काही सेकंदांनी पुन्हा झुकते. एकेका झटक्यात असे दहा-वीस किंवा त्याहून अधिक वेळा होते. झटका दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही. पण दिवसातून असे अनेक झटके येतात. बालकाला स्वतःला सावरून बसता येत नाही, वयाच्या मानाने त्याची बौद्धिक चपळताही दिसत नाही. 'मग' या अव्ययाने ही वाक्ये जोडता येतात. 'म्हणून' या अव्ययाने जोडता येत नाहीत. पत्राचा सारा ताण या दोन अव्ययांमधील अंतरात आहे.

हे अंतर मोजण्यासाठी आपल्याच परंपरेतील एक परिभाषा उपयोगी पडते. आज मराठीत 'निदान' म्हणजे रोग ओळखणे. आयुर्वेदात मात्र या शब्दाचा मूळ अर्थ कारण असा आहे. आणि रोग जाणण्याची साधने पाच मानली आहेत : निदान म्हणजे हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यांपैकी उपशयाची कल्पना विशेष लक्षणीय आहे. रोगाचे स्वरूप गूढ असेल तेव्हा कोणत्या औषधाने, आहाराने वा विहाराने आराम पडतो, यावरून मागे जाऊन त्याची ओळख पटवावयाची. येथे उपचार हीच एक प्रश्न विचारण्याची रीत असते.

वेस्ट यांना ही परिभाषा ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु पत्रातील उपचारांची यादी या दृष्टीने वाचली की ती नुसती यादी राहत नाही. दात येताना मज्जासंस्थेला होणारा क्षोभ हे कारण असावे, असे त्यांना प्रथम वाटले. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये हे मत सर्वसामान्य होते. तेथील मृत्युनोंदींत दात येणे हे मृत्यूचे कारण म्हणून नोंदले जाई. म्हणून हिरड्यांना छेद दिला. दाह असेल म्हणून जळवा लावल्या, डोक्यावर थंड उपचार केले. दोष कोठ्यात असेल म्हणून कॅलोमेलचे रेच दिले. ऊन पाण्याने वारंवार स्नान घातले. पुढे मज्जातंतूंचा क्षोभ शमावा म्हणून खसखशीच्या बोंडांचे सरबत, कोनियम आणि अफू दिली. या प्रत्येक औषधाच्या पोटात एक अनुच्चारित 'कारण की' आहे. प्रत्येक उपचार म्हणजे एका संभाव्य कथानकाचा प्रस्ताव आहे आणि बालकाचे शरीर तो प्रस्ताव नाकारते. या नकारांतून हेतू सापडत नाही. पण एकेक खोटे कथानक गळून पडत जाते आणि मागे रूप तेवढे उरते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर या पत्रात पूर्वरूप आहे, रूप आहे, अनुपशय आहे. हेतू आणि संप्राप्ती यांच्या जागा रिकाम्या आहेत. वर्णन इतके काटेकोर का झाले, याचे उत्तर या रिकामेपणात शोधले पाहिजे. ज्याला कारण सापडले तो त्या कारणाला पोषक तेवढेच पाहतो. ज्याला सापडले नाही त्याला सर्वच पाहावे लागते, कारण काय महत्त्वाचे ठरेल हे त्याला सांगता येत नाही.

आता या संहितेतील सर्वांत अर्थपूर्ण स्थळाकडे वळू. डोक्याचे ते पहिले झोके आपल्याला बालकाची एक लकब, एक खोडी वाटली होती; वस्तुतः ती रोगाची पहिली खूण होती, असे वेस्ट सांगतात. ही कबुली एका वाक्यात उरकलेली आहे, पण कथनाच्या दृष्टीने तिच्यात दोन काळांतील दोन निवेदक आहेत : चौथ्या महिन्यात पाहणारा पिता आणि अकराव्या महिन्यानंतर लिहिणारा वैद्य. ॲरिस्टॉटलच्या परिभाषेत हे अभिज्ञान होय. मात्र शोकात्मिकेतील अभिज्ञान अज्ञानातून ज्ञानाकडे जाते. येथे ते चुकीच्या अर्थाकडून अर्थाच्या अभावाकडे जाते. खोडी म्हटली की तिच्यामागे करणारा आला, त्याचा मनोभाव आला. वेस्ट यांनी बालकाच्या हालचालीमागचा कर्ताच काढून घेतला. त्या हालचालीला कोणी करीत नाही, ती होते. हे व्याकरणातील परिवर्तन हेच या पत्राचे खरे वैचारिक कार्य आहे.

या पार्श्वभूमीवर लंडनहून आलेले नाव तपासून पाहण्यासारखे आहे. वेस्ट यांनी सर चार्ल्स क्लार्क आणि डॉ. लोकॉक या नामांकित वैद्यांचा सल्ला घेतला. क्लार्क यांनी आपल्या साऱ्या व्यवसायात असे चार रुग्ण पाहिले होते, लोकॉक यांनी दोन. मान झुकण्याच्या विशिष्ट रीतीवरून क्लार्क या विकाराला 'सलाम' झटके म्हणत. हे नाव पुढे वैद्यकाच्या पुस्तकांतून दीर्घकाळ टिकले. मराठी वाचकाला ते खटकल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडे सलाम कपाळाशी हात नेऊन करतात. कमरेत लवून केला जातो तो मुजरा. लंडनच्या कल्पनेतील सलाम हा पौर्वात्य माणसाच्या लवलेल्या देहाचे चित्र आहे. एका इंग्रज बालकाच्या मज्जासंस्थेतील उत्पाताला आकार देण्यासाठी साम्राज्याच्या भाषेतील आज्ञाधारक शरीराची प्रतिमा हाताशी होती. या प्रतिमेची वासाहतिक चिकित्सा अवश्य व्हावी. पण तिचा दोष तेवढाच नाही. अभिवादन ही हेतुपूर्वक कृती आहे. वेस्ट यांनी 'खोडी' हा अर्थ रद्द करून जो कर्ता बाहेर घालविला, त्याला 'सलाम' या रूपकाने मागच्या दाराने परत आणले.

ही चूक केवळ लंडनची नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बालकांना पीडा देणारे नऊ ग्रह सांगितले आहेत आणि त्यांत स्कंदापस्मार हा एक आहे. तेथे हालचालीचा कर्ता बालक नसून ग्रह आहे. पण कर्ता आहेच. उलट ग्रीक परंपरेत, हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या 'पवित्र रोग' या प्रबंधात, देवतेला बाजूला सारून मेंदू आणि कफ यांच्याकडे कारण सोपविलेले आहे. पण कारण आहेच. अर्भकाचे शरीर काहीही न सांगता हलते आहे, ही गोष्ट मानवी बुद्धीला सोसवत नाही. रिकाम्या जागी ती कर्ता तरी बसवते किंवा कारण तरी. टनब्रिजच्या वैद्याचे वेगळेपण असे की दोन्ही बसवून पाहिल्यावर, दोन्ही टिकत नाहीत असे दिसताच, त्याने ती जागा रिकामी ठेवली आणि पत्र तसेच छापावयास पाठविले.

पत्रातील इतर रुग्णांच्या हकिगतीही याच दृष्टीने वाचल्या पाहिजेत. लोकॉक यांनी पाहिलेल्या रुग्णांपैकी एक बालक एका विधवा स्त्रीचे होते. इटलीत असताना त्याला हा विकार जडला. त्या मातेने नेपल्स, रोम, फ्लॉरेन्स, जिनोआ आणि पॅरिस येथील श्रेष्ठ वैद्यांना विचारले. त्यांपैकी एकालाच हा विकार ओळखता आला. ही नगरांची मालिका म्हणजे एका न लिहिल्या गेलेल्या प्रवासकथेची अनुक्रमणिका आहे. दुसऱ्या एका बालकाविषयी क्लार्क यांनी दिलेले मत द्विपक्षी होते : एकतर हा मेंदूचा रोग आहे आणि मूल बरे होणार नाही, किंवा हे केवळ दात येण्यामुळे आहे आणि दात आल्यावर ते बरे होईल. कारण ठरले की शेवट ठरतो. म्हणूनच कारणाचा शोध हा पित्यासाठी निव्वळ बौद्धिक प्रश्न नव्हता. मुलाच्या भवितव्याचा निर्णय त्यात दडलेला होता.

पत्राला जोडलेला ताजा कलम या दृष्टीने निर्णायक ठरतो. सात महिने रोज खंड न पडता झटके येत राहिले. मग तीन दिवस ते थांबले. चौथ्या दिवशी परतले, पण रूप बदलून. आता बालक पुढे झुकत नव्हते. ते हात पसरी, भेदरल्यासारखे पाही आणि गलितगात्र होई. म्हणजे ज्या झुकण्यावरून 'सलाम' हे नाव पडले, ते झुकणेच नाहीसे झाले. नाव संहितेच्या मध्यावर येते आणि संहितेच्या अखेरीस आपला आधार गमावते. लेखकाने पत्र नव्याने लिहून हा विसंवाद मिटविला नाही. ताजा कलम हा प्रकारच शेवटाला शेवट होऊ देत नाही. या पत्रापुरता तो प्रामाणिकपणाचा एकमेव शक्य आकारबंध होता.

पुढील इतिहास कारणवाद्यांना सुखावणारा नाही. याच लोकॉक यांनी १८५७ मध्ये अपस्मारावर पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग सांगितला. ते या व्याधीवरील पहिले खरोखर परिणामकारक औषध ठरले. पण स्त्रियांच्या मासिक धर्माशी आणि कामभावनेशी अपस्माराचा संबंध जोडणारी त्यांची कारणकल्पना चुकीची होती. १९५२ मध्ये या बालकांच्या मेंदूच्या विद्युत्‌आलेखातील विशिष्ट अनागोंदी वर्णिली गेली. तीही रूपाचीच नोंद होती. १९५८ मध्ये एसीटीएच या संप्रेरकाचा गुण दिसून आला. तो का येतो याचे पूर्ण स्पष्टीकरण अद्याप नाही. आज या विकारामागे जन्मवेळची इजा, मेंदूच्या रचनेतील दोष, जनुकीय बदल अशी अनेक कारणे असू शकतात हे कळले आहे; तरी काही बालकांच्या बाबतीत ते सापडत नाही. वेस्ट १८४८ मध्ये वारले आणि जेम्स एडविन १८६० मध्ये, सुमारे वीस वर्षांचा असताना. विकाराला पित्याचे नाव मिळाले. ज्या शरीरावरून तो ओळखला गेला त्याचे नाव अभ्यासकांपुरते उरले.

मराठी समीक्षेला या पत्राकडून घेण्यासारखे काही असेल तर ते हे, की वर्णन ही स्पष्टीकरणाची कनिष्ठ पायरी नव्हे. आपल्याकडे साहित्यकृती हाती येताच तिचे कारण सांगण्याची घाई असते. लेखकाचे चरित्र, त्याचा वर्ग, त्याची जात, त्याचा काळ यांपैकी कोणते तरी एक कारण आधी ठरते आणि मग कृतीतील तेवढेच दिसू लागते. ही कारणे खोटी असतात असे नाही. दात येणे हेही काही खोटे नव्हते, त्या वयात दात येतातच. प्रश्न एवढाच आहे की कृतीत जे घडते ते आपण कारणाआधी पाहिले की कारणानंतर. सैद्धांतिक परिभाषेचे वजन वाढत जाते तशी ही घाई कमी न होता वाढते, कारण नवी परिभाषा नवी तयार कारणे पुरवते. वेस्ट यांच्या अनुमानांपैकी आज फारसे काही शिल्लक नाही. त्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले त्यातील मात्र काहीही रद्द करावे लागलेले नाही.