दोन चौकटी आणि एक चेहरा

छायाचित्रे संपादित करण्याच्या बहुतेक संगणक-आज्ञावलींमध्ये ‘आकार बदला’ म्हटले, की रुंदी आणि उंचीसाठी दोन चौकटी पडद्यावर येतात. आमची तक्रार या दोन चौकटींविषयी आहे. आकडे भरावेत आणि फोटो मुकाट्याने त्या मापाचा व्हावा, हे सोयीचे खरे. पण रुंदी-उंचीचे गुणोत्तर बदलले की चेहराही बदलतो.

उदाहरणच घेऊ. ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट ३६ × २४ मिलिमीटरची. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ती रूढ केली आणि पुष्कळ डिजिटल कॅमेऱ्यांनी तेच ३:२ हे गुणोत्तर पुढे चालवले. आपल्याकडे अनेक अर्जांना लागणारा फोटो मात्र ३५ × ४५ मिलिमीटरचा असतो. कॅमेरा उभा धरून काढलेल्या फोटोची उंची ४५ केली, तर रुंदी येते ३०. तिथे दामटून ३५ लिहिले की चेहरा एक षष्ठांशाने, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांनी, रुंद होतो. मुलगा सुदृढ दिसतो, पण अर्ज तपासणाऱ्याला तो दुसराच कोणी वाटू शकतो. (शाळांच्या भिंतींवरचे रामन कुठे गुबगुबीत तर कुठे किडकिडीत दिसतात, त्याचेही कारण बहुधा हेच!)

यावर उपाय कातरण्याचा. रुंदी ३५ ठेवली तर उंची ५२.५ होते, त्यातली ७.५ मिलिमीटर कापायची. म्हणजे चित्राचा एक सप्तमांश गेला. ८ × १० इंचाच्या कागदासाठी एक षष्ठांश जातो, आणि अमेरिकेच्या व्हिसासाठी लागणाऱ्या २ × २ इंची चौरसासाठी चक्क एक तृतीयांश. चेहरा चौकटीत ठासून भरला असेल, तर केस तरी जातात नाहीतर हनुवटी. म्हणून फोटो काढतानाच भोवती जागा सोडावी. ती सोडलेली नसेल तर कोरी पट्टी जोडावी. चेहरा ताणू नये.

गिम्पसारख्या आज्ञावलीत दोन चौकटींमध्ये साखळीचे चिन्ह असते. ती जोडलेली असेपर्यंत गुणोत्तर टिकते. पण एका टिचकीने ती सुटते, आणि चेहरा किती टक्के ताणला गेला हे कोणी सांगत नाही. एवढा भागाकार संगणकाला जड नव्हता! २००७ साली अविदान आणि शमीर यांनी चित्रातल्या कमी महत्त्वाच्या बिंदूंच्या नागमोडी ओळी काढून आकार बदलण्याची रीत मांडली. समुद्र-आकाशाच्या दृश्यांना ती शोभते. व्यक्तिचित्रात मात्र चेहरा वेगळा राखावा लागतो.

गुणोत्तराच्या पाठाला हा प्रयोग जोडता येईल. फळ्यावर कंपासने वर्तुळ काढावे, कॅमेरा त्याच्या अगदी समोर उभा धरून फोटो घ्यावा, साखळी सोडून तो ३५ × ४५ करावा आणि छापावा. मुलांनी पट्टीने मोजले, तर दर ६ मिलिमीटर उभ्या व्यासामागे ७ मिलिमीटर आडवा व्यास भरेल.