६४ टक्के बरे झाले, पण कुणाच्या तुलनेत?



भारतातल्या मानसिक आरोग्यावर पीएचडीचा प्रस्ताव लिहायला बसलं की पहिल्या दोन पानांत दोन आकडे हमखास येतात. पहिला ८५. नैराश्य असलेल्या दर १०० माणसांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नाहीत, हे निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून आलं. दुसरा ६४. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी उपचार दिले आणि ६४% रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. मग लगेच पुढचं वाक्य: म्हणून हेच आपल्या जिल्ह्यात करायला हवं.

दोन्ही आकडे खरे आहेत. गडबड आहे ती त्या "म्हणून"मध्ये. आज त्या ६४ चा पेपर नीट उघडून बघू आणि त्याच्या जोडीला गोव्यातलाच त्याआधीचा एक पेपर ठेवू. माझं स्वतःचं काम प्रयोगशाळेतलं आहे, मानसोपचाराचं नाही. पण कंट्रोलशिवाय कुठल्याच आकड्याला अर्थ नसतो, ही सवय प्रयोगशाळेत लागते आणि इथे ती कामाला येते.

आधी पेपर काय आहे ते. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांची ही ट्रायल 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली आली. उपचाराचं नाव हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम, थोडक्यात 'हॅप'. गोव्यातली १० प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि १८ ते ६५ वयाचे ४९५ रुग्ण. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी असते, गुण ० ते २७. त्यात १४ पेक्षा जास्त गुण असलेलेच रुग्ण घेतले, म्हणजे नैराश्य चांगलंच जाणवणारे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीचे उपचार, थोडे सुधारून. दुसऱ्याला तेच उपचार, शिवाय समुपदेशकाबरोबर ६ ते ८ बैठका.

बैठकांचा गाभा सोपा आहे. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो: शेजारी जाणं, स्वयंपाकात लक्ष घालणं, देवळात किंवा मैदानावर फेरी मारणं. गोष्टी सुटल्या की बरं वाटण्याच्या संधी कमी होतात, मग आणखी गोष्टी सुटतात. हे चक्र छोट्या, ठरवून केलेल्या कृतींनी उलटं फिरवायचं. याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात.

तीन महिन्यांनी पीएचक्यू-९ चे गुण १० च्या खाली आलेले रुग्ण मोजले. हॅप गटात ते २३० पैकी १४७ निघाले, म्हणजे ६४%. हाच तो प्रसिद्ध आकडा.

आता त्याच ओळीतला शेजारचा आकडा बघा, जो प्रस्तावांमध्ये सहसा येत नाही. कंट्रोल गटात २३६ पैकी ९१, म्हणजे ३९%. समुपदेशकाची एकही बैठक न होता १०० तले ३९ जण त्याच रेषेखाली आले.

हे कसं झालं? नैराश्याचा भर बऱ्याचदा काळाबरोबर थोडा ओसरतो, हे एक. दुसरं कारण निव्वळ संख्याशास्त्राचं आहे. ज्या दिवशी गुण जास्त आहेत त्याच दिवशी आपण माणसं निवडली, तर पुढच्या मोजणीत त्यांची सरासरी काही न करताही खाली येते. याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात, आणि कुठलाही कट-ऑफ लावून माणसं निवडली की ते होतंच. तिसरं कारण म्हणजे कंट्रोल गटाला मिळालेले "सुधारलेले" उपचार. या गटातल्या रुग्णांच्या चाचणीचा निकाल डॉक्टरांना कळवला होता आणि उपचारांची मार्गदर्शक तत्त्वंही दिली होती. आपल्या नेहमीच्या आरोग्य केंद्रात एवढंही होत नाही.

म्हणजे हॅपच्या नावावर जमा होतात ते ६४ नव्हेत, ६४ वजा ३९, म्हणजे २५. चार रुग्णांना हॅप दिलं तर एक जास्तीचा रुग्ण बरा होतो. मानसोपचारांत हा परिणाम अजिबात लहान नाही, उलट कौतुकाचाच आहे. पण प्रस्तावात "६४% यश" लिहून मंजुरी आणली आणि कंट्रोल गटच नसलेल्या तुमच्या पाहणीत ५०% लोक सुधारले, तर त्याला अपयश म्हणायचं की यश? तुलनेला काहीच नसेल तर उत्तरच देता येणार नाही.

आता सात वर्षं मागे जाऊ. पटेल यांच्याच गटाची 'मानस' ही ट्रायल 'लॅन्सेट'मध्ये २०१० साली आली. तीही गोव्यातलीच. तिच्यात माणसांऐवजी केंद्रं रॅन्डमाइझ केली होती: एकूण २४, त्यांतली निम्मी सरकारी आणि निम्मी खाजगी. रुग्ण २७९६. इथेही साधे समुपदेशक होते, आणि गरजेप्रमाणे पायरीपायरीने वाढत जाणारे उपचार.

सहा महिन्यांनी निदान पक्कं झालेल्या रुग्णांपैकी किती बरे झाले? सरकारी केंद्रांत उपचार गटातले ६५.९% आणि कंट्रोल गटातले ४२.५%. खाजगी दवाखान्यांत उपचार गटातले ६४.१% आणि कंट्रोल गटातले ६५.९%.

याचा सारांश बहुतेक ठिकाणी असा दिला जातो: समुपदेशकांचा उपाय सरकारी केंद्रांत चालला, खाजगीत चालला नाही. वाक्य चूक नाही, पण ते वाचून डोळ्यांसमोर भलतंच चित्र येतं. वाटतं की खाजगी दवाखान्यांत समुपदेशक कुठेतरी कमी पडले. आता चारही आकडे पुन्हा बघा. समुपदेशक असलेल्या दोन्ही ठिकाणी बरे झालेले जवळपास सारखेच आहेत, ६५.९ आणि ६४.१. फरक पडला तो समुपदेशक नसलेल्या बाजूला, ४२.५ आणि ६५.९. खाजगी दवाखान्यांतले रुग्ण समुपदेशकाशिवायच तेवढे बरे होत होते.

ते का, याचं उत्तर या रचनेतून निघत नाही. ओळखीचा डॉक्टर जास्त वेळ देत असेल, हे शक्य आहे. खाजगी दवाखान्यात जाणाऱ्यांची परिस्थिती मुळातच बरी असेल, हेही शक्य आहे. कुठला रुग्ण कुठे जाईल हे काही सोडतीने ठरलं नव्हतं. पण एक गोष्ट नक्की समजते. उपचाराचा परिणाम हा औषधाच्या बाटलीवर छापलेल्या वजनासारखा त्या उपचाराचा गुण नसतो. तो दोन परिस्थितींमधलं अंतर असतो. एक परिस्थिती बदलली की उपचार तोच राहूनही अंतर बदलतं.

मानसच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. २७९६ रुग्ण ऐकून छाती दडपते, पण सोडत झाली ती २४ केंद्रांची. सरकारी विभागात फक्त १२. म्हणून तिथला रिस्क रेशो १.५५ असला, तरी त्याचा ९५% कॉन्फिडन्स इंटर्व्हल १.०२ ते २.३५ एवढा पसरलेला आहे. फायदा जेमतेम असू शकतो आणि दुपटीहून जास्तही असू शकतो. क्लस्टर ट्रायल वाचताना माणसं मोजण्याआधी क्लस्टर मोजायचे, हे वहीत लिहून ठेवा.

हीच नजर घेऊन पुन्हा हॅपकडे येऊ. याच ट्रायलचा १२ महिन्यांचा पेपर २०१७ मध्येच 'प्लॉस मेडिसिन'मध्ये आला. त्यात हॅप गटात ६३% रुग्ण रेषेखाली होते, कंट्रोल गटात ४८%. हॅपचा फायदा टिकला, तो विरला नाही. तरीही अंतर २५ वरून १५ वर आलं, कारण दरम्यान दुसरा गट वर चढला. आता एका जास्तीच्या रुग्णामागे चार नव्हे, सुमारे सात जणांना उपचार द्यावे लागतात. तरीसुद्धा मी याला यशच म्हणेन. नऊ महिने आधी बरं होणं म्हणजे नऊ महिन्यांची मजुरी, नऊ महिन्यांचं घर. पण पेपर उद्धृत करताना कुठल्या महिन्याचा आकडा ते लिहायलाच हवं.

आता माझी खरी तक्रार. हॅप गटाला दोन गोष्टी एकदम मिळाल्या: बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, आणि ६-८ वेळा शांतपणे ऐकून घेणारा माणूस. कंट्रोल गटाला दोन्ही मिळाल्या नाहीत. मग फरक कशामुळे पडला? तितक्याच बैठका, पण नुसत्या गप्पांच्या, असा तिसरा गट असता तर उत्तर मिळालं असतं. संशोधकांनी मीडिएशनचं विश्लेषण केलं आणि ॲक्टिव्हेशन वाढणं हा परिणामाचा मोठा वाटा असल्याचं दाखवलं. पण ॲक्टिव्हेशन काही सोडतीने वाटलेलं नव्हतं. ज्यांना बरं वाटू लागलं तेच घराबाहेर पडू लागले असतील, ही शक्यता उरतेच.

प्रतिबंधाच्या बाजूला मात्र एक उजवी रचना आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातली 'सेहर' ट्रायल, 'लॅन्सेट', २०१८. ७४ माध्यमिक शाळा आणि तीन गट. शाळेचं वातावरण सुधारण्याचा कार्यक्रम एका गटात बाहेरून नेमलेल्या समुपदेशकाने चालवला, दुसऱ्यात तोच कार्यक्रम शाळेतल्या शिक्षकाने, आणि तिसऱ्यात तो नव्हता. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधली नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत फरक दिसला नाही. मजकूर तोच, राबवणारा वेगळा. तिसऱ्या गटाने केवढी माहिती दिली बघा. दोनच गट असते तर आपण मजकुराचंच कौतुक करत बसलो असतो, आणि उद्या एखाद्या खात्याने तो कार्यक्रम आधीच कामाने वाकलेल्या शिक्षकांच्या गळ्यात बांधला असता.

हॅपचं श्रेय मला काढून घ्यायचं नाही. मोजणाऱ्यांना कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नव्हतं. ९५% रुग्णांची तीन महिन्यांची मोजणी झाली, खेड्यापाड्यांतल्या अभ्यासात हे फार अवघड असतं. शिवाय मुख्य निष्कर्षांत निवडीची चाचणी न वापरता बीडीआय-२ ही वेगळी चाचणीही ठेवली होती. तिथे हॅप गटाची सरासरी १९.९९ आणि कंट्रोल गटाची २७.५२. बीडीआय-२ वर २० पासून मध्यम नैराश्य सुरू होतं. म्हणजे हॅप गट सरासरीने मध्यमाच्या उंबरठ्यावर होता. आणि गटातला पसरही मोठा होता, एसडी १५.७०. काही जण पूर्ण मोकळे झाले असणार, काही जण होते तिथेच राहिले असणार. "बरे झाले" या दोन शब्दांत ती उरलेली माणसं दिसत नाहीत.

हे सगळं बारकाईने का बघायचं? कारण ते ८५ टक्के. उपचार न मिळणाऱ्यांची संख्या एवढी मोठी असली की आपल्याला तयार उत्तराची घाई होते. घाईत आपण उपचाराचं नाव उचलतो आणि तुलना मागे ठेवतो. समुपदेशकांच्या बैठकांचं रेकॉर्डिंग ऐकून एकमेकांना गुण देण्याची जी पद्धत हॅपमध्ये होती, तीही मागेच राहते. मग योजना जिल्ह्यात येते, आकडा ६४ वर पोचत नाही, आणि ठपका बसतो कमी मानधनावर काम करणाऱ्या एखाद्या ताईवर किंवा "सहकार्य न करणाऱ्या" रुग्णांवर.

तेव्हा प्रस्तावाचा मसुदा उघडा. जिथे जिथे एखाद्या उपचाराचा टक्का लिहिलाय, तिथे शेजारी कंट्रोल गटाचा टक्का लिहा, महिना लिहा आणि त्या गटाला नेमकं काय मिळत होतं ते एका ओळीत लिहा. मग स्वतःच्या जिल्ह्याबद्दल तेच विचारा: आज इथे काहीच नवं केलं नाही, तर सहा महिन्यांनी किती जण बरे झालेले असतील? हा आकडा तुमच्याकडे नसेल, तर तुमच्या पीएचडीचं पहिलं प्रकरण तेच आहे.