'एकच प्याला' : आशयसूत्र आणि त्याला न जुमानणाऱ्या व्यक्तिरेखा

राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकाचे आशयसूत्र त्याच्या नावातच उघड झालेले आहे. पहिला प्याला हाच शेवटचा ठरतो, त्यानंतर परतीची वाट नाही, असा हा सिद्धान्त. नाटकाची गणना मद्यपाननिषेधाच्या नाटकांत होते ती यामुळेच. परंतु नाटकाने घोषित केलेला सिद्धान्त आणि त्यातील व्यक्तिरेखांच्या वर्तनातून सिद्ध होणारा अर्थ यांत अंतर पडू शकते. 'एकच प्याला'त ते पडलेले आहे आणि नाटकाचे खरे सामर्थ्य त्या अंतरातच आहे.

या संदर्भात भगीरथाच्या व्यक्तिरेखेचा विचार प्रथम करावयास हवा. प्रेमभंगाने खचलेला हा तरुण तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळात ओढला जातो, आणि पुढे रामलालच्या सहवासात मद्यापासून मुक्त होऊन लोकसेवेकडे वळतो. म्हणजे नाटकाच्या नावातील सिद्धान्ताला नाटकातच अपवाद आहे, आणि तो कोठेतरी कोपऱ्यात नसून उपकथानकाच्या मध्यभागी आहे. भगीरथ परत येऊ शकतो, मग सुधाकर का नाही? या प्रश्नाचे उत्तर मद्याच्या गुणधर्मांत सापडणार नाही. ते दोघांच्या परिस्थितीत व स्वभावात शोधावे लागेल.

सुधाकर हा मानी वकील. न्यायालयातील अपमानातून त्याची सनद काही काळासाठी जाते आणि त्या दुखावलेल्या अहंतेवर उतारा म्हणून तळीराम त्याच्या हाती प्याला देतो. येथपर्यंत कथानक सरळ आहे. मात्र नाटकाचा कणा या पहिल्या प्याल्यात नाही. तो आहे पश्चात्तापानंतरच्या प्याल्यात. सुधाकर मद्य सोडण्याचा निश्चय करतो, पोटासाठी कामाच्या शोधात बाहेर पडतो, आणि जेथे जातो तेथे त्याच्या वाट्याला अव्हेर येतो. पुन्हा हाती घेतलेला प्याला या अव्हेरातून आलेला आहे. भगीरथाला रामलाल भेटला, काम मिळाले, माणूस म्हणून किंमत मिळाली. सुधाकराला यांतील काहीच मिळाले नाही. शिष्टसमाज व्यसनी माणसाला उपदेश करतो, पण नोकरी देत नाही, ही गोष्ट गडकऱ्यांनी सिद्धान्त म्हणून मांडलेली नाही. ती प्रसंगाच्या रचनेतून सिद्ध होते आणि म्हणूनच अधिक बोचते.

याच संदर्भात सुधाकर व रामलाल यांच्या सुप्रसिद्ध प्रसंगाकडे पाहिले पाहिजे. मद्यासक्तीच्या तीन अवस्थांचे विवेचन सुधाकर करतो आणि त्यांपैकी प्रत्येक अवस्थेत सुटका का अशक्य असते हे तर्कशुद्धपणे मांडतो. उपदेशपर नाटकात विवेचनाचा अधिकार सामान्यतः सुधारकाकडे असतो. येथे तो बळीकडे आला आहे. उपदेशक रामलाल श्रोता झाला आहे. स्वतःच्या विनाशाचे संपूर्ण ज्ञान असूनही त्या ज्ञानाचा काडीचाही उपयोग नसणे, ही सुधाकराची शोकात्म अवस्था होय. तो उदाहरण म्हणून उरत नाही, नायक होतो. रामलालही निर्दोष नाही. सुधाकराची बालविधवा बहीण शरद हिच्याविषयी त्याच्या मनात जागी होणारी अभिलाषा त्याच्या वडीलकीच्या भूमिकेला तडा देते. या उपकथानकाची बांधणी सैल आहे आणि त्यातील भाषा अनेकदा अलंकारांच्या ओझ्याखाली वाकते हे मान्य करूनही, मोहाचा पहिला क्षण मद्यापुरता मर्यादित नाही ही जाणीव त्यातूनच नाटकात येते.

सिंधूचा प्रश्न अधिक अवघड आहे. माहेरची मदत नाकारून दळणकांडण करणारी ही पतिव्रता रूढ अर्थाने नाटकाचा नैतिक आदर्श. परंतु तिची निष्ठा सुधाकराला सावरते काय? संहितेचा पुरावा याच्या उलट आहे. पतीला देव मानणारी पत्नी त्याच्या चुकीला चूक म्हणू शकत नाही. तिच्या सहनशीलतेमुळे त्याच्या अधःपाताला घरात कोठेही अटकाव होत नाही. शेजारीच गडकऱ्यांनी तळीरामाची पत्नी गीता उभी केली आहे. तिचाही नवरा मद्यपीच, पण तिला जीभ आहे आणि ती चालविण्यास ती कचरत नाही. एकच दुर्दैव एका घरात शोकात्म आणि दुसऱ्या घरात विनोदी स्वरात मांडले जाते. हा केवळ रुचिपालट मानणे नाटककाराला कमी लेखणे होईल.

अखेरीस सुधाकराच्या हातून मूल दगावते, सिंधू मरणोन्मुख होते, आणि फौजदारासमोर ती पतीला वाचविणारी खोटी जबानी देते. सत्य हे पातिव्रत्याचे एक अंग मानणाऱ्या परंपरेत पातिव्रत्यासाठीच असत्य बोलावे लागणे, हा त्या आदर्शातील अंतर्विरोध आहे. कायदा तिच्या असत्यापाशी थांबतो. उरलेला न्याय सुधाकर विषाच्या प्याल्याने स्वतःच करतो. गडकऱ्यांना हा आदर्श मोडावयाचा होता असे म्हणणे मात्र धाडसाचे ठरेल. सिंधूविषयीची त्यांची भक्ती प्रत्येक संवादात दिसते. ते आदर्शाची पूजा करतात, आणि त्यांची नाट्यदृष्टी त्याची किंमत मोजून दाखविते.

ही किंमत प्रेक्षकांच्या ध्यानात फारशी आली नाही, याचे कारण प्रयोगाच्या इतिहासात आहे. गडकरी जानेवारी 1919 मध्ये निवर्तले. त्यानंतर त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास हे नाटक रंगभूमीवर आणले. पदे वि. सी. गुर्जरांची, सिंधू बालगंधर्वांची. सुधाकराचा भार मुख्यतः गद्यावर राहिला आणि सिंधूच्या वाट्याला गाणे आले. दारिद्र्य व दुःख यांना स्वरांचे सौंदर्य लाभले की त्यांच्या कारणांविषयी प्रश्न विचारण्याची इच्छा मावळते. सिंधू प्रेक्षकांच्या मनात पूजनीय झाली ती या स्वरांतून. संहितेतील गीता मात्र विनोदी पात्रांच्या रांगेतच बसून राहिली.