कवड्या, चिमटा आणि उष्टे : बालमनातील श्रीमंतीची कल्पना

श्रीमंती म्हणजे काय, या प्रश्नाला मुलांनी आपल्या परीने दिलेली उत्तरे भारतीय कथात्म साहित्यात ठिकठिकाणी आढळतात. वाचकांनी मात्र या उत्तरांकडे बहुधा निरागसतेचा नमुना म्हणून पाहिले आहे. मुलाला पैशाची किंमत कळत नाही आणि म्हणूनच त्याचे जग सुंदर असते, हा वाचनाचा धोपटमार्ग होय. बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ (१९२९) ही बंगाली कादंबरी, प्रेमचंदांची ‘ईदगाह’ (१९३३) ही हिंदी कथा आणि शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) हे मराठी आत्मकथन एकत्र वाचले, की या समजुतीचा अपुरेपणा ध्यानात येतो. मुलाची श्रीमंतीची कल्पना अज्ञानातून घडत नाही; घरातील उणिवेच्या नेमक्या जाणिवेतून ती घडते.

‘पथेर पांचाली’तील अपूच्या खजिन्यात रंग उडालेला लाकडी घोडा, पोचा आलेली पिपाणी आणि काही कवड्या आहेत. या कवड्या त्याने आईच्या लक्ष्मीपूजेच्या टोपलीतून गुपचूप काढून घेतल्या आहेत. एकच वस्तू आईला देवीचे प्रतीक वाटते आणि मुलाला प्रत्यक्ष धन वाटते. पुढे दुर्गाला एक चकाकणारा खडा सापडतो. तो हिरा असावा, असे वाटून आई सर्वजयाच हरखून जाते. अखेरीस तो झुंबराच्या काचेचा तुकडा ठरतो. येथे लेखकाने एक सूक्ष्म गोष्ट साधली आहे : दारिद्र्य मुलांना अकाली प्रौढ करते, हे सर्वपरिचित आहे, पण ते प्रौढांनाही मुलांच्या स्वप्नांवर विसंबून राहायला लावते. दुर्गाच्या मृत्यूनंतर गाव सोडताना अपूला तिने चोरलेली सोन्याची कुंकवाची डबी सापडते आणि तो ती बांबूच्या बनात भिरकावून देतो. घरात आलेले एकमेव खरे सोने तो बहिणीच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून टाकून देतो. कवड्या लपविणाऱ्या मुलाच्या मूल्यभानाचा हा प्रवास फार मोठा आहे.

‘ईदगाह’मध्ये मुलांची श्रीमंती मोजता येते. महमूदजवळ १२ पैसे, मोहसीनजवळ १५, हामिदजवळ अवघे ३. शिपाईमामा महिना २० रुपये मिळवून घरी ५० रुपये कसे पाठवितात, याचीही चर्चा ही मुले करतात. म्हणजे पैशाचे व्यवहार त्यांना चांगलेच कळतात. वडील थैल्या भरून आणतील, ही हामिदची आशा खोटी आहे; आजीची बोटे तव्यावर भाजतात, हे त्याचे ज्ञान खरे आहे. या आशेवर तो जगतो, खरेदी मात्र त्या ज्ञानाच्या आधारे करतो. या कथेतील त्यागाची पुष्कळ वाखाणणी झाली आहे. त्यानंतरचा वादविवादही तितकाच महत्त्वाचा आहे. लोखंडी चिमट्याला ‘रुस्तम-ए-हिंद’ ठरवून हामिद सवंगड्यांची खेळणी निष्प्रभ करतो आणि तो चिमटा हातात घेण्यासाठी ती मुलेच आपली खेळणी पुढे करतात. संपत्तीचे मूल्य किमतीवर ठरत नाही, इतरांच्या हव्यासावर ठरते, हे बाजारातील सत्य त्याने ओळखले आहे.

तरीही हामिदजवळ ३ पैसे होते आणि त्यांतून निवड करण्याचे स्वातंत्र्य होते. ‘अक्करमाशी’च्या आरंभी येणाऱ्या शाळेच्या सहलीत तेही नाही. सवर्ण मुलांची पंगत वेगळी, महार मुलांची वेगळी. वरच्यांचे उरलेले अन्न या मुलांच्या वाट्याला येते आणि तोच त्यांना उत्सव वाटतो. घरी हा वृत्तान्त ऐकून आई विचारते, की त्यातले थोडे तिच्यासाठी का आणले नाही. श्रीमंतीची कल्पना येथे दुसऱ्याच्या उष्ट्यापर्यंत येऊन ठेपते आणि माय-लेकरांची ती कल्पना एकच असते. दुसऱ्या दिवशी गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात. शाळेला अपेक्षित असलेली सहल या मुलाने पाहिलेलीच नाही. मुलाची कल्पना येथे मोहक वाटत नाही, कारण उणिवेमागे जात आहे आणि तिच्यावर कल्पनेचे पांघरूण घालता येत नाही.

‘अक्करमाशी’ वाचून पुन्हा ‘ईदगाह’कडे वळले, की तीही कथा पूर्वीसारखी राहत नाही. अखेरीस अमीना लहान मुलीसारखी रडते आणि हामिद वडीलधारा होतो, या प्रसंगाने वाचक सद्गदित होतो. चार-पाच वर्षांच्या मुलाने वडीलधारे का व्हावे, हा प्रश्न मात्र त्या अश्रूंत वाहून जातो. हामिदला शाबासकी देऊन वाचन संपवणे सोपे आहे. प्रेमचंदांनी मात्र शेवटी मुलाच्या हाती मिठाई ठेवलेली नाही, हे वाचकाने विसरता कामा नये.