‘सत्तर टक्के लँड रोव्हर अजून रस्त्यावर आहेत’: हे वाक्य तपासायचं कसं?

लँड रोव्हरवर कौतुकाने लिहिलेलं काहीही वाचायला घ्या. कंपनीचा इतिहास असो, जुनी गाडी घेणाऱ्यांसाठीचं मार्गदर्शन असो, नाहीतर एखाद्या मालकाने लिहिलेला वीस वर्षांचा अनुभव असो. त्यात कुठे ना कुठे एक वाक्य भेटतंच: ‘आजवर बनलेल्या लँड रोव्हरपैकी सत्तर टक्के अजून रस्त्यावर आहेत.’ आकडा कधी थोडा वर, कधी थोडा खाली. हे वाक्य इतकं फिरलंय की ते सिद्ध करायच्या भानगडीत आता कोणी पडत नाही.

आज या वाक्याचं आणि ते ज्या प्रकारच्या लिखाणात येतं त्या लिखाणाचं परीक्षण करू. गाड्यांशी तुमचा काही संबंध नसला तरी चालेल. रिसर्च प्रपोजल लिहिताना जिथे पाय घसरतो, त्यातल्या बऱ्याच जागा इथे एकाच उदाहरणात सापडतात.

इतिहास: परिणामावरून हेतू

या लिखाणातला इतिहास साधारण असा असतो. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांची वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेती होती. तिथे ते युद्धातून उरलेली अमेरिकन विलीज जीप वापरत. १९४७ मध्ये तिथल्याच समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी वाळूत नव्या गाडीचं चित्र काढलं. पहिला नमुना जीपच्याच चॅसीवर बांधला गेला आणि ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांसमोर आली. इथपर्यंत ठीक. पुढे मात्र गोष्ट सांगणारे म्हणतात, की ही गाडी ‘पिढ्यान्‌पिढ्या टिकावी म्हणून’ ॲल्युमिनियमची बनवली.

हे कारण उलटं लावलेलं आहे. युद्धानंतर ब्रिटनमध्ये स्टीलचं रेशनिंग होतं आणि निर्यात करणाऱ्या कंपनीला ते आधी मिळे. ॲल्युमिनियम मात्र उपलब्ध होतं, कारण विमानं बनवणं एकदम कमी झालं होतं. रोव्हरची ओळख होती महागड्या मोटारींची, आणि त्यांना तेव्हा फारसं गिऱ्हाईक नव्हतं. कारखाना चालू ठेवायला, निर्यात करता येईल असं काहीतरी हवं होतं. म्हणून बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे, शक्य तितके सपाट पत्रे वापरले. सपाट अशासाठी, की वळणदार पत्र्याला महागडे साचे लागतात. शेतकऱ्याला उपयोग व्हावा म्हणून इंजिनच्या ताकदीवर शेतीची यंत्रं चालवायची सोयही दिली. दोन-तीन वर्षं भागवायला म्हणून ही गाडी काढली होती.

ती पुढे जवळजवळ सत्तर वर्षं चालली. १९९० मध्ये तिला डिफेंडर हे नाव मिळालं आणि २९ जानेवारी २०१६ रोजी इंग्लंडमधल्या सोलिहल कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली, तोवर एकूण आकडा वीस लाखांच्या थोडा वर गेला होता. शेवट माहीत असला की सुरुवातीलाही तोच हेतू दिसायला लागतो. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये आपणही हे करतो: एखादी पद्धत पुढे गाजली, की ती सुचवणाऱ्याने सगळं आधीच ओळखलं होतं असं लिहून मोकळे होतो. त्या वर्षी त्या माणसासमोर काय अडचण होती, हा प्रश्न राहूनच जातो.

सत्तर टक्के: गणित करून बघू

आता आकड्याकडे. समजा दोन काल्पनिक कंपन्या आहेत. दोघींचीही गाडी बरोबर २० वर्षं चालते आणि मग भंगारात जाते. म्हणजे टिकाऊपणा अगदी सारखा.

पहिली कंपनी ६० वर्षं दरवर्षी १०,००० गाड्या विकते. एकूण ६ लाख. त्यातल्या शेवटच्या २० वर्षांतल्या २ लाख रस्त्यावर आहेत. प्रमाण ३३ टक्के.

दुसरी कंपनी पहिली ४० वर्षं दरवर्षी ५,००० गाड्या विकते आणि नंतरची २० वर्षं ३०,०००. एकूण २ लाख अधिक ६ लाख, म्हणजे ८ लाख. रस्त्यावर ६ लाख. प्रमाण ७५ टक्के.

गाडी तीच, आयुष्य तेच, तरी एक कंपनी दुसरीच्या दुपटीहून ‘टिकाऊ’ दिसते. फरक पडला तो विक्री कधी वाढली याने. ‘आजवर बनलेल्यांपैकी इतके टक्के’ या मापात टिकाऊपणा आणि विक्रीचा वेग एकत्र कालवलेले आहेत. आणि ‘लँड रोव्हर’ म्हणताना नेमकं काय मोजलं? फक्त १९४८ पासूनची ती चौकोनी गाडी, की १९८९ ची डिस्कव्हरी, १९९७ ची फ्रीलँडर हेसुद्धा? ही नवी मॉडेलं आत घेतली की सरासरी वय आपोआप खाली येतं आणि टक्केवारी वर जाते.

टिकाऊपणा मोजायचा असेल तर एकाच वर्षी बनलेल्या गाड्यांचा गट घ्यायचा आणि १०, २०, ३० वर्षांनी त्यातल्या किती उरल्या ते बघायचं. वैद्यकीय संशोधनात रुग्णांचं जगण्याचं प्रमाण असंच काढतात. शिवाय शेजारी तुलनेसाठी दुसऱ्या कंपनीचा त्याच वर्षीचा गट हवा. नुसते सत्तर टक्के म्हणजे जास्त की कमी, हे तुलनेशिवाय ठरतच नाही.

‘रस्त्यावर’ म्हणजे काय? ‘तीच गाडी’ म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या मोटारींची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते आणि तिचे निकाल संशोधनासाठी उपलब्ध असतात. वाटेल की झालं काम. पण मे २०१८ पासून ४० वर्षांपेक्षा जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या बहुतेक गाड्यांना ही तपासणी सक्तीची नाही. म्हणजे ज्या गाड्यांवर सगळी दंतकथा उभी आहे, नेमक्या त्याच या डेटातून गळू शकतात. ‘रस्त्यावर वापरत नाही’ असं सरकारला कळवून गाडी गोठ्यात ठेवण्याचीही सोय आहे. ती गाडी जिवंत धरायची की नाही? आणि सुरुवातीपासून मोठा हिस्सा निर्यात झालेला. आफ्रिकेतल्या एखाद्या गावात गाडी बंद पडून गंजत असेल, तर त्याची नोंद कोणाकडे असणार?

दुसरा प्रश्न जास्त मजेदार आहे. लँड रोव्हरचं अंग ॲल्युमिनियमचं, पण चॅसी स्टीलची. इंजिन आणि प्रवासी यांच्यामधली भिंतही स्टीलची. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. चिखल आणि मीठ चॅसीच्या पोकळ भागात साचतं आणि ती आतून गंजते. जिथे ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना चिकटून ओले राहतात, तिथे छोटी बॅटरीच तयार होते: ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन देऊन झिजतं आणि पांढरी भुकटी दिसायला लागते. ‘ॲल्युमिनियमची गाडी, म्हणून गंजत नाही’ हे वाक्य बारावीच्या रसायनशास्त्रातही टिकत नाही.

पण पत्रे, दारं, छप्पर बरंचसं नट-बोल्टने जोडलेलं. मग मालक काय करतो? चॅसी बदलतो. जस्ताचा थर दिलेली नवी चॅसी विकत मिळते. मग गिअरबॉक्स, मग इंजिन. शेवटी मूळ कारखान्यातलं किती उरलं हा वादाचा विषय, पण गाडी ‘१९६५ ची’ आणि ‘अजून चालू’. हे फसवणं नव्हे. फक्त इथे टिकला तो गाडीचा आराखडा, सुट्या भागांचा बाजार आणि मालकाची चिकाटी. आपण टिकाऊपणा हा शब्द वापरून भलतंच काहीतरी मोजतोय.

इथे तीन कल्पना वेगळ्या करायला हव्यात. न बिघडता चालणं ही विश्वासार्हता. बरीच वर्षं न झिजणं हा टिकाऊपणा. बिघडली तर सहज नीट करता येणं ही दुरुस्तीसुलभता. ‘दणकट’ हा शब्द या तिन्हींवर एकच चादर टाकतो. जुन्या लँड रोव्हरचा मागच्या चाकाला ताकद पोहोचवणारा हाफ शाफ्ट तुटण्यासाठी बदनाम होता. पण मागचा ॲक्सल असा होता की शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहायचं. बोल्ट सोडून शाफ्ट उपसायचा, पुढच्या चाकांच्या जोरावर घरी यायचं. एका मालकाच्या लिखाणात ही गाडी ‘वाटेत तुटली’ अशी येईल, दुसऱ्याच्या लिखाणात ‘कुठेही अडकू देत नाही’ अशी. घटना एकच. तुमच्या प्रश्नावलीत ‘तुमची गाडी दणकट आहे का?’ एवढंच असेल, तर दोघांची उत्तरं तुम्ही एका खान्यात टाकाल.

जे लिहीत नाहीत ते

मालकाचा अनुभव आपल्यापर्यंत तीन चाळण्यांतून येतो. आधी ती गाडी कोण घेतो, मग कोण ठेवतो, मग कोण लिहितो. दुसऱ्या चाळणीत सगळ्यात जास्त लोक गळतात. जो वैतागून विकून गेला, तो वीस वर्षांनी ‘माझी लँड रोव्हर’ असा लेख लिहीत नाही.

हे गळालेले लोक कुठे शोधायचे? एक जागा ऑस्ट्रेलियात आहे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या स्नोई माउंटन्स जलविद्युत प्रकल्पावर आधी लँड रोव्हरच मोठ्या संख्येने राबत होत्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या थीस या कंत्राटदार कंपनीने टोयोटाच्या लँड क्रूझर आणल्या. त्यांचं सहा सिलिंडरचं ३.९ लिटरचं इंजिन लँड रोव्हरच्या सव्वादोन लिटरच्या इंजिनपुढे दांडगं होतं. पुढच्या काही दशकांत ऑस्ट्रेलियाची आणि आफ्रिकेचीही बरीच बाजारपेठ टोयोटाने घेतली. कामासाठी गाडी लागणारे हे ग्राहक होते. त्यांनी तक्रारीचे लेख लिहिले नसतील, पुढची गाडी दुसरी घेतली. म्हणून या विषयात खरेदीच्या नोंदी मालकांच्या आठवणींपेक्षा जास्त बोलक्या असू शकतात.

आपल्याकडेही हे दिसतं. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, म्हणजे लँड रोव्हरचा पहिला नमुना ज्या जीपवर बांधला तीच. आज घाटात वडापची एखादी म्हातारी जीप बारा-पंधरा माणसं घेऊन चढताना दिसली की आपण म्हणतो, ‘जुन्या गाड्या त्या जुन्याच.’ तिच्या बरोबरीच्या भंगारात गेलेल्या जीपा घाटात दिसत नाहीत, एवढाच मुद्दा.

मग हे लिखाण फेकून द्यायचं का?

नाही. इथे मला बऱ्याच संशोधकांशी वाद घालावासा वाटतो. ‘हे नुसते किस्से आहेत, डेटा नाही’ असं म्हणून मालकांचं लिखाण बाजूला सारणं हाही आळसच. चॅसी नेमकी कुठून गंजते, पांढरी भुकटी कुठे आधी दिसते, शाफ्ट तुटायच्या आधी कसा आवाज येतो, हे तीस वर्षं हात काळे केलेला मालक जितकं नेमकं सांगतो, तितकं कुठल्याही टक्केवारीतून कळत नाही. बिघाड कसा होतो हे या लिखाणातून शिकावं. बिघाड किती वेळा होतो हे मात्र त्याला विचारू नये, कारण त्याच्याकडे छेदच नाही, फक्त अंश आहे. भांडण सुरू होतं ते पहिल्या प्रकारच्या साक्षीवरून दुसऱ्या प्रकारचा निष्कर्ष काढला की.

याची किंमत खरी असते. २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर मिळून २.३ अब्ज डॉलरला घेतल्या. अशा व्यवहारात नावालाही भाव असतो आणि नावामागे अशाच वाक्यांची रास असते. २०१९ मध्ये नवी डिफेंडर आली, वेगळ्या चॅसीशिवाय, तेव्हा ‘ही खरी डिफेंडर नाही’ म्हणून जुने चाहते चिडले. त्यात दणकटपणाचं मोजमाप किती होतं आणि बोल्ट खोलायची सवय मोडल्याचं दुःख किती, हे वेगळं करून कोणी फारसं मांडलं नाही. दोन्ही गोष्टी अभ्यासण्यासारख्या आहेत, पण त्यांना एकच प्रश्नावली चालणार नाही.

आता तुमचं प्रपोजल काढा आणि हे चार प्रश्न समासात लिहा. माझ्या टक्केवारीचा छेद काय आणि त्यात वय किंवा काळ कालवला गेलाय का? माझा मुख्य शब्द एक गोष्ट मोजतोय की तीन? माझ्या सॅम्पलपर्यंत पोहोचण्याआधी कोण गळलं आणि त्याचा माग दुसऱ्या कुठल्या नोंदीत लागेल? माझे मुलाखत दिलेले लोक ‘कसं’ सांगतायत की ‘किती’?

तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्या. औषध मध्येच सोडलेला रुग्ण, योजनेतून बाहेर पडलेला शेतकरी, कॉलेज सोडलेली मुलगी, यांचा पत्ता शोधायला कष्ट पडतात आणि गाईडही कधीकधी म्हणतात, ‘जे मिळाले त्यांच्यावर भागवा.’ भागवायचंच असेल तर निदान मर्यादांच्या प्रकरणात ते कोण होते आणि किती होते हे स्पष्ट लिहा. व्हायवाला तो प्रश्न येतोच.