मेमरी-जोडणी आणि विस्तारक्षमता : ८०८५ च्या अध्यापनाची चिकित्सा

इंटेल कंपनीचा ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर १९७६ मध्ये बाजारात आला. उद्योगातील त्याचे स्थान ओसरले असले, तरी प्रोसेसरला मेमरी कशी जोडावी हे शिकविण्यास त्याच्याइतके सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल. तथापि हा घटक शिकविण्याच्या रूढ पद्धतीत एक मूलभूत उणीव आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

८०८५ ला सोळा अॅड्रेस लाइन असून तो ६४ किलोबाइटपर्यंतची मेमरी हाताळतो. २७६४ ही ८ किलोबाइटची ईप्रॉम. तिला तेरा लाइन पुरतात. उरलेल्या तीन, म्हणजे ए-१३ ते ए-१५, कोठे जोडावयाच्या हाच खरा प्रश्न होय. उत्तरपत्रिकेत पुष्कळदा केवळ ए-१५ चिप-सिलेक्टला जोडलेली आढळते. रीसेटनंतर प्रोसेसर शून्य अॅड्रेसपासून वाचू लागतो, चिप प्रतिसाद देते, प्रोग्रॅम चालतो, गुणही मिळतात! परंतु ए-१३ व ए-१४ मोकळ्या राहिल्याने तीच चिप पहिल्या ३२ किलोबाइटमध्ये चार ठिकाणी उमटते. पुढे २०००एच या अॅड्रेसवर ६२६४ ही रॅम बसविली, की वाचनाच्या वेळी दोन्ही चिप एकाच डेटा बसवर आपापला डेटा ठेवतात. एका चिपपुरती निर्दोष भासणारी आकृती दुसरी येताच निरुपयोगी ठरते.

या तीन लाइन ७४१३८ या डीकोडरला दिल्या, तर ८ किलोबाइटचे आठ स्वतंत्र विभाग मिळतात. यावर खर्चाचा आक्षेप घेतला जातो. ज्या उपकरणात मेमरी कधीच वाढणार नाही, तेथे तो मान्य करता येईल. मात्र तो निर्णय विद्यार्थ्याने कारणासह लिहिला पाहिजे.

चिपच्या पिनांची रचना याबाबत अधिक दूरदर्शी आहे. २७६४ ची २६ क्रमांकाची पिन रिकामी असते. १६ किलोबाइटच्या २७१२८ मध्ये नेमकी तेथेच ए-१३ येते. २७ क्रमांकाची पिन २७६४ मध्ये प्रोग्रॅमिंगसाठी असून वाचताना ती उच्च पातळीवर ठेवावी लागते. २८६४ या ईईप्रॉममध्ये त्याच जागी राइट सिग्नल असतो. म्हणजे जंपरची सोय ठेवल्यास अतिनील किरणांनी पुसावी लागणारी मेमरी काढून, सर्किटमध्येच पुन्हा लिहिता येणारी मेमरी त्याच सॉकेटमध्ये बसते. आमच्या प्रात्यक्षिकांत मात्र ही २६ क्रमांकाची पिन 'जोडणी नाही' एवढ्या नोंदीपुरतीच उरते.

तेव्हा प्रश्नपत्रिकेत तयार आकृती देऊन असे विचारता येईल : २७६४ च्या जागी २७१२८ बसविल्यास कोणत्या तारा बदलाव्या लागतील, आणि डीकोडरच्या कोणत्या दोन आउटपुट एकत्र कराव्या लागतील?